ड्रॉइंग सेव्ह होत नाहीये? कॅड फाइल नेमकी कुठे अडते आणि गेलेलं काम कुठे सापडतं

बिरवाडीजवळच्या एमआयडीसीतलं फॅब्रिकेशन वर्कशॉप असो, पोलादपूरच्या बाजारपेठेतलं सिव्हिल इंजिनिअरचं एका खोलीचं ऑफिस असो, की लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो, कॅडवर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक भीती असते. तीन तास खपून ड्रॉइंग पूर्ण करायचं, कंट्रोल-एस दाबायचं आणि समोर खिडकी यायची : फाइल सेव्ह करता आली नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न येता लाइट जायची.

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. पुन्हा पुन्हा सेव्ह दाबतात, नाहीतर वैतागून प्रोग्रॅम बंद करतात. बऱ्याचदा काम तिथेच कायमचं जातं. प्रत्यक्षात सेव्ह न होण्याची कारणं मोजकी आहेत आणि ती ओळखता येतात. गेलेलं कामही अनेकदा कॉम्प्युटरमध्येच दुसऱ्या नावानं पडून असतं. ते कसं शोधायचं, हे समजून घेऊ.

(या लेखात कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग वापरा आणि शब्द जोडून लिहा. ऑटोकॅडमध्ये मध्येच स्पेस दिली की ते एंटर समजलं जातं.)

यात एवढं काय बिघडतं?

काम पुन्हा करावं लागतं, हे नुकसान दिसणारं आहे. न दिसणारं नुकसान मोठं असतं. समजा, रासायनिक कारखान्यासाठी एक टाकी बनते आहे. ग्राहकानं नोझलची जागा बदलायला सांगितली. ड्राफ्ट्समननं ती बदलली, पण फाइल सेव्ह झालीच नाही, किंवा भलत्याच फोल्डरात सेव्ह झाली. वर्कशॉपला प्रिंट गेली ती जुन्या फाइलची. प्लेट कापली गेल्यावर चूक कळते. घराच्या ड्रॉइंगमध्ये असंच कॉलमच्या सळईबाबत झालं, तर चूक काँक्रीटच्या आत गाडली जाते.

म्हणून सेव्हचा प्रश्न वेळेपुरता नाही. साइटवरच्या माणसाच्या हातात कोणता कागद पडतो, याच्याशी तो जोडलेला आहे.

सेव्ह दाबल्यावर आत काय घडतं?

आपल्याला सेव्ह ही एक क्रिया वाटते. प्रोग्रॅमसाठी त्या चार पायऱ्या असतात. ऑटोकॅडचं उदाहरण घेऊ.

पहिली पायरी : मेमरीत असलेलं ड्रॉइंग, म्हणजे रेषा, लेयर, ब्लॉक, टेक्स्ट, हे सगळं एकत्र करून लिहिण्यासाठी तयार केलं जातं.

दुसरी पायरी : ते सगळं त्याच फोल्डरात एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिलं जातं. तिच्या नावाची सुरुवात साधारण ‘सेव्ह’च्या पहिल्या तीन इंग्रजी अक्षरांनी होते आणि शेवट ‘टीएमपी’नं.

तिसरी पायरी : आधीच्या फाइलचं नाव बदलून तिची ‘बीएके’ म्हणजे बॅकअप प्रत केली जाते.

चौथी पायरी : तात्पुरत्या फाइलला मूळ नाव दिलं जातं आणि ती तुमची नवी ‘डीडब्ल्यूजी’ फाइल होते.

ही रचना मुद्दाम अशी केली आहे. लिहिता लिहिता मध्येच गडबड झाली, तरी जुनी फाइल शाबूत राहावी, हा हेतू. पण याचाच अर्थ असा की चारपैकी कोणतीही पायरी अडली तरी आपल्याला ‘सेव्ह झालं नाही’ एवढंच दिसतं. पहिली पायरी अडली तर दोष ड्रॉइंगमध्ये आहे. दुसरी अडली तर जागेत किंवा परवानगीत. तिसरी-चौथी अडली तर दुसऱ्या कुणीतरी ती फाइल धरून ठेवली आहे. पुढचा सगळा तपास या एका फरकावर उभा आहे.

एरर आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करावं?

प्रोग्रॅम बंद करू नका. जोवर ड्रॉइंग स्क्रीनवर आहे, तोवर ते मेमरीत जिवंत आहे.

एररच्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढा. नंतर कुणालाही विचारायचं झालं तर तिथले नेमके शब्द लागतात.

आता ‘सेव्ह ॲज’ घ्या. नाव बदला आणि जागाही बदला. म्हणजे नेटवर्कवरच्या किंवा पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरऐवजी स्वतःच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर साध्या, छोट्या नावाच्या फोल्डरात सेव्ह करा. तिथे सेव्ह झालं तर ड्रॉइंग ठणठणीत आहे, दोष जुन्या जागेत आहे. तिथेही झालं नाही तर दोष बहुधा ड्रॉइंगमध्येच आहे. पाच मिनिटांची ही एक चाचणी निम्मा तपास संपवते.

ड्रॉइंगमध्येच दोष वाटला तर ‘डब्ल्यूब्लॉक’ ही कमांड वापरून पाहा. तिच्यात ‘एंटायर ड्रॉइंग’ हा पर्याय निवडला की सगळं ड्रॉइंग नव्या फाइलमध्ये लिहिलं जातं आणि न वापरलेला कचरा मागे राहतो. त्यानंही भागलं नाही तर फक्त महत्त्वाचा भाग निवडून कंट्रोल-सी करा आणि नव्या कोऱ्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट करा.

सेव्हची खिडकीच उघडत नाही. प्रोग्रॅम बिघडला का?

नाही. नवख्यांना घाबरवणारी ही तक्रार सर्वांत सोपी आहे. ‘सेव्ह ॲज’ दाबल्यावर नेहमीची खिडकी न येता खाली कमांड लाइनवरच फाइलचं नाव विचारलं जातं. ‘फाइलडाया’ नावाच्या सेटिंगची किंमत १ ऐवजी ० झाली की असं होतं. एखादी स्क्रिप्ट किंवा लिस्प प्रोग्रॅम चालवताना मध्येच थांबला की हे सेटिंग शून्यावरच राहून जातं. ‘फाइलडाया’ टाइप करा, एंटर, १, पुन्हा एंटर. खिडकी परत येते. यासाठी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याची गरज नाही.

फाइल ‘रीड-ओन्ली’ का दाखवते?

याची मुख्य कारणं तीन आहेत.

पहिलं, फाइल दुसऱ्या कुणाकडे उघडी आहे. ऑफिसात दोन-तीन कॉम्प्युटर एकाच फोल्डरवर काम करत असतील तर हे नेहमीचं. फाइल उघडताच ऑटोकॅड तिच्या शेजारी ‘डीडब्ल्यूएल’ आणि ‘डीडब्ल्यूएल२’ अशा दोन छोट्या लपलेल्या फाइल तयार करतं. कुणी, कोणत्या कॉम्प्युटरवर, कधी उघडली याची नोंद त्यात असते. ‘हूहॅज’ ही कमांड तीच माहिती वाचून दाखवते. प्रोग्रॅम अचानक बंद पडला तर या फाइल तशाच राहतात आणि कुणीही काम करत नसताना फाइल ‘व्यग्र’ दिसते. ड्रॉइंग खरोखर कुठेच उघडं नाही याची खात्री करून त्या दोन फाइल काढून टाकल्या की अडचण संपते.

दुसरं, फाइलवरच तशी खूण आहे. फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड-ओन्ली’ची टिक काढा.

तिसरं कारण आपल्याकडे फार आढळतं. ड्रॉइंग व्हॉट्सॲप किंवा ईमेलवरून आलं आणि डाउनलोड न करता तिथूनच थेट उघडलं. किंवा झिप फाइल न सोडवता आतल्या ड्रॉइंगवर डबल क्लिक केलं. अशा वेळी फाइल कुठल्यातरी तात्पुरत्या फोल्डरात उघडते. एकतर ती सेव्ह होत नाही, किंवा सेव्ह होते आणि दुसऱ्या दिवशी सापडत नाही, कारण ती तुमच्या फोल्डरात कधी आलेलीच नसते. नियम साधा ठेवा : आधी कामाच्या फोल्डरात फाइल उतरवायची, मग उघडायची.

जागेचे घोटाळे कोणते?

सी ड्राइव्ह भरलेला असणं हे सर्वांत साधं कारण. ड्रॉइंग डी ड्राइव्हवर असलं तरी प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या फाइल सी ड्राइव्हवर तयार होतात. तो लाल झाला असेल तर आधी तिथे जागा करा.

पेन ड्राइव्हवरून थेट काम करणं हे दुसरं. वर सांगितलेल्या चारही पायऱ्या त्या पेन ड्राइव्हवर घडत असतात. त्यातच तो ओढून काढला की ना नवी फाइल पूर्ण, ना जुनी जागेवर. फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करा, काम करा, बंद करा, मग पेन ड्राइव्हवर परत टाका.

तिसरं म्हणजे गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक फोल्डर. तुम्ही सेव्ह करता त्याच क्षणी सिंक करणारा प्रोग्रॅमही ती फाइल वर पाठवण्यासाठी धरतो. मग नाव बदलण्याची तिसरी-चौथी पायरी अडते. अँटिव्हायरसही असंच करू शकतो. फोल्डरात त्या तात्पुरत्या ‘टीएमपी’ फाइल उरलेल्या दिसल्या तर संशय इथेच घ्या. त्या लगेच पुसू नका. त्यातली वेळेनुसार सर्वांत नवी फाइल दुसरीकडे कॉपी करून तिचा शेवट ‘डीडब्ल्यूजी’ असा बदलला तर कधीकधी पूर्ण ड्रॉइंग उघडतं. काम चालू असताना सिंक थांबवून ठेवणं आणि संध्याकाळी सुरू करणं हा सोपा उपाय आहे.

चौथं, लांबलचक नावं. विंडोजमध्ये फोल्डर आणि फाइलच्या नावांचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या पुढे गेला की अनेक प्रोग्रॅम अडतात. ग्राहकाच्या नावाचा फोल्डर, त्यात गावाचा, त्यात सर्व्हे नंबरचा, त्यात ‘फायनल’, त्यात ‘फायनल नवीन’ असं करत गेलं की ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही.

पाचवं, विंडोजमधली खंडणीखोर व्हायरसपासून वाचवणारी सोय. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहू दिलं जात नाही. विंडोज सिक्युरिटीमधल्या रॅन्समवेअरच्या पानावर जाऊन तुमच्या कॅड प्रोग्रॅमला परवानगी देता येते. संपूर्ण संरक्षण बंद करण्याची गरज नाही.

ड्रॉइंगच खराब झालं असेल तर?

ड्रॉइंगची फाइल म्हणजे एक छोटा डेटाबेस असतो. वर्षानुवर्षं त्याच फाइलवर पुढची ड्रॉइंग करत गेलं, इकडून तिकडून ब्लॉक पेस्ट केले, की त्यात चुकीच्या नोंदी साठत जातात. मायक्रोस्टेशनच्या ‘डीजीएन’ फाइलमधून आलेल्या लाइनटाइपमुळे तर दोन खोल्यांच्या घराची फाइलही अनेक एमबींची झालेली आढळते. सेव्हला मिनिट-मिनिट लागतं आणि एक दिवस ती होतच नाही.

अशा वेळी हा क्रम पाळा. फाइल उघडत असेल तर आधी ‘ऑडिट’ कमांड द्या आणि चुका दुरुस्त करू का, या प्रश्नाला ‘यस’ म्हणा. मग ‘पर्ज’ देऊन न वापरलेले लेयर, ब्लॉक, लाइनटाइप काढा. एकदा काढल्यावर नव्या वस्तू रिकाम्या होतात, म्हणून काही न उरेपर्यंत पुन्हा पुन्हा द्या. त्यानंतर ‘पर्ज’च्या आधी एक आडवी रेघ देऊन कमांड लाइनवरचा ‘पर्ज’ उघडा आणि ‘रेगॲप्स’ हा पर्याय निवडा. इतर प्रोग्रॅमनी मागे सोडलेल्या हजारो नोंदी त्यातून निघतात.

फाइल उघडतच नसेल तर नवं कोरं ड्रॉइंग उघडून ‘रिकव्हर’ कमांड द्या आणि ती फाइल निवडा. तिला जोडलेल्या एक्सरेफ फाइलही तपासायच्या असतील तर ‘रिकव्हरऑल’. तेही जमलं नाही तर कोऱ्या ड्रॉइंगमध्ये ‘इन्सर्ट’ कमांडनं खराब फाइल ब्लॉक म्हणून आणून बघा.

हे सगळं करण्याआधी एक काम विसरू नका : खराब फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा. दुरुस्तीचे सगळे प्रयोग प्रतीवर करा.

लाइट गेली. काम कुठे शोधायचं?

पावसाळ्यात या भागातला हा नेहमीचा प्रश्न. वारा सुटला, कुठे फांदी तारेवर पडली, की स्क्रीन काळी. पण ऑटोकॅड तुमच्या दोन प्रती ठेवत असतं.

पहिली प्रत ‘ऑटोसेव्ह’ची. तिच्या नावाचा शेवट ‘एसव्ही’ आणि त्यापुढे डॉलरचं चिन्ह असा असतो. मूळ सेटिंगनुसार ती दर १० मिनिटांनी लिहिली जाते आणि विंडोजच्या टेम्प फोल्डरात जाते. हे फोल्डर उघडायला विंडोजच्या सर्चमध्ये ‘टेम्प’ हा शब्द दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह देऊन टाइप करा आणि एंटर दाबा. तारखेनुसार लावा, तुमच्या ड्रॉइंगच्या नावानं सुरू होणारी फाइल शोधा, ती दुसऱ्या फोल्डरात कॉपी करा आणि शेवट बदलून ‘डीडब्ल्यूजी’ करा. शेवट दिसत नसेल तर फोल्डरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन’वर टिक करा.

दुसरी प्रत ‘बीएके’. ती ड्रॉइंगच्याच फोल्डरात असते. तिलाही शेवट बदलून उघडता येतं, फक्त मूळ फाइलवर न लिहिता नाव वेगळं द्या. अचानक बंद पडल्यावर ऑटोकॅड पुन्हा सुरू केलं की ‘ड्रॉइंग रिकव्हरी मॅनेजर’ उघडतो आणि उपलब्ध प्रती वेळेसकट दाखवतो. घाईत तो बंद करू नका. बंद झालाच तर ‘ड्रॉइंगरिकव्हरी’ कमांडनं परत येतो.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत.

एक : ऑटोसेव्ह मूळ फाइल सेव्ह करत नाही. ते वेगळी प्रत लिहितं. ड्रॉइंग नीट बंद केलं की ती प्रत पुसली जाते. म्हणजे बंद करताना ‘बदल सेव्ह करू का’ या प्रश्नाला चुकून ‘नो’ म्हटलं, तर ऑटोसेव्ह वाचवायला येत नाही.

दोन : ‘बीएके’मध्ये शेवटच्या सेव्हच्या आधीची स्थिती असते. त्यामुळे ड्रॉइंगमध्ये काही गायब झालेलं दिसलं आणि तुम्ही दोनदा सेव्ह केलं, तर चांगली प्रतही गेली. संशय आला की सेव्ह नको, ‘सेव्ह ॲज’ हवं.

कोणती सेटिंग आजच बदलावी?

‘सेव्हटाइम’ १० वरून ५ करा. ते शून्य असेल तर ऑटोसेव्ह बंद आहे. ‘आयसेव्हबॅक’ १ आहे ना, हे बघा. वेग वाढवण्याच्या नादात कुणीतरी ते शून्य केलेलं असू शकतं. ‘आयसेव्हपर्सेंट’ मुळात ५० असतं. म्हणजे सेव्ह करताना पूर्ण फाइल नव्यानं न लिहिता फक्त बदल जोडले जाऊ शकतात. ते ० केलं की प्रत्येक वेळी पूर्ण फाइल लिहिली जाते. सेव्हला थोडा वेळ जास्त लागतो, पण फाइल स्वच्छ राहते. शेवटचं, ‘ऑप्शन्स’मधल्या ‘फाइल्स’च्या पानावर ऑटोसेव्हचा पत्ता बदलून डी ड्राइव्हवर ‘ऑटोसेव्ह’ नावाचं फोल्डर द्या. टेम्प फोल्डर साफ करणारे प्रोग्रॅम मग तुमची प्रत पुसणार नाहीत आणि शोधायलाही सोपं जाईल.

सेव्ह झालं, पण समोरच्याकडे उघडत नाही. का?

ऑटोकॅड पहिल्यांदा बाजारात आलं डिसेंबर १९८२ मध्ये. तेव्हापासून ‘डीडब्ल्यूजी’ हे नाव तेच राहिलं, आतली लिपी मात्र अनेकदा बदलली. जुना प्रोग्रॅम नवी लिपी वाचू शकत नाही. २०१८ ते २०२५ या आवृत्त्या ‘२०१८’ फॉरमॅट वापरतात. २०१३ ते २०१७ साठी ‘२०१३’, २०१० ते २०१२ साठी ‘२०१०’ आणि २००७ ते २००९ साठी ‘२००७’ असे गट आहेत.

फाइल कोणत्या गटातली हे ओळखण्याची युक्ती आहे. तिची प्रत नोटपॅडमध्ये उघडा आणि अगदी पहिली सहा अक्षरं बघा. ‘एसी’पुढे १०३२ असेल तर २०१८चा फॉरमॅट, १०२७ असेल तर २०१३, १०२४ असेल तर २०१०, १०२१ असेल तर २००७. बाकी सगळं अगम्य दिसेल. काही न बदलता, सेव्ह न करता बंद करा.

पाठवताना ‘सेव्ह ॲज’मध्ये खालच्या यादीतून जुना फॉरमॅट निवडा. रोजच लागत असेल तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘ओपन अँड सेव्ह’च्या पानावर तोच कायमचा ठेवा. ज्यांच्याकडे जुनाच प्रोग्रॅम आहे त्यांच्यासाठी ऑटोडेस्कचं ‘डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू’ मोफत आहे. त्यातून फाइल बघता येते आणि जुन्या फॉरमॅटमध्ये बदलताही येते. ड्रॉइंगला एक्सरेफ, फोटो किंवा वेगळे फाँट जोडलेले असतील तर ‘ईट्रान्समिट’ वापरा. सगळ्या फाइल एका झिपमध्ये जातात. नाहीतर समोरच्याला मराठी टेक्स्टच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. ऑटोडेस्क पात्र विद्यार्थी आणि शिक्षकांना शैक्षणिक वापरासाठी मोफत लायसन्स देतं, ते दरवर्षी नूतनीकरण करता येतं. अँटिव्हायरस बंद करायला लावणारी ‘क्रॅक’ कॉपी टाकून वर पुन्हा सेव्हच्या अडचणी ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

सॉलिडवर्क्स आणि फ्यूजनचं काय?

सॉलिडवर्क्समध्ये असेंब्लीच्या फाइलमध्ये पार्ट नसतात, पार्टचे पत्ते असतात. विंडोजच्या फोल्डरात जाऊन पार्टचं नाव बदललं की असेंब्लीला तो सापडत नाही. म्हणून नाव बदलणं प्रोग्रॅममधूनच करायचं आणि दुसरीकडे देताना ‘पॅक अँड गो’ वापरायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये नवी आवृत्ती आणि घरी जुनी, हा तिथला मोठा त्रास. सॉलिडवर्क्स २०२४ पासून मागच्या दोन आवृत्त्यांपर्यंत सेव्ह करण्याची सोय आली आहे. त्याहून जुन्यासाठी ‘स्टेप’ फाइल पाठवता येते, पण त्यात आकार जातो, तो कसा बनवला याचा इतिहास जात नाही.

फ्यूजनचं मोफत वैयक्तिक लायसन्स असेल तर एका वेळी १० डॉक्युमेंटच संपादित करता येतात. अकरावं बदलायला गेलं की ते फक्त वाचता येतं. फाइल बिघडलेली नसते. जुनं एखादं डॉक्युमेंट ‘रीड-ओन्ली’ करा, नवं खुलं होतं. फ्यूजनच्या फाइल क्लाउडवर जातात. त्यामुळे नेट नसताना केलेलं काम आधी कॉम्प्युटरवर साठतं. नेट आल्यावर ते वर गेलं की नाही, हे बघूनच लॅपटॉप दुसऱ्याला द्या.

बॅकअप म्हणजे नेमकं काय?

ऑटोसेव्ह आणि ‘बीएके’ या दोन्ही प्रती त्याच कॉम्प्युटरमध्ये असतात. लाइट गेली तर त्या पुरतात. कॉम्प्युटरच गेला तर नाही. हे महाडला वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा तळमजल्यावरची दुकानं, ऑफिसं पाण्याखाली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. नद्यांच्या काठी वसलेल्या या शहरात बॅकअपचा पहिला नियम आहे : एक प्रत पाणी पोचणार नाही अशा जागी.

जगभर वापरला जाणारा ३-२-१ नियम इथे कामाला येतो. प्रत्येक चालू जॉबच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर. व्यवहारात असं करता येईल. एक कॉम्प्युटरवर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी संध्याकाळी घरी, वरच्या मजल्यावर जाते. तिसरी क्लाउडवर. नेट संथ असेल तर दिवसभरात बदललेल्या फाइलच फक्त झिप करून रात्री चढवा. ड्रॉइंगच्या फाइल बहुधा फोटोंहूनही लहान असतात.

विजेसाठी डेस्कटॉपला यूपीएस हवाच. काम चालू ठेवण्यासाठी नाही, सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती मिनिटं मिळावीत म्हणून. घरातला इन्व्हर्टर वापरत असाल तर त्यावर ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का पाहा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षण पंख्याला जाणवत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो.

लक्षात काय ठेवायचं?

• एरर आला तर प्रोग्रॅम बंद करू नका. फोटो काढा, नव्या नावानं, नव्या जागी ‘सेव्ह ॲज’ करा.

• तिथे सेव्ह झालं तर जुनी जागा तपासा : भरलेला ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह, सिंक, अँटिव्हायरस, लांब नाव, कुणाकडे उघडी फाइल.

• झालं नाही तर ड्रॉइंग तपासा : ‘डब्ल्यूब्लॉक’, ‘ऑडिट’, ‘पर्ज’, ‘रिकव्हर’.

• अचानक बंद पडलं तर काही नवं करण्याआधी ‘एसव्ही’ आणि ‘बीएके’ फाइल दुसरीकडे कॉपी करा.

• व्हॉट्सॲपवरून आलेलं ड्रॉइंग आधी फोल्डरात उतरवा, मग उघडा.

• फाइलच्या नावात ‘फायनल’ लिहू नका. तारीख आणि रिव्हिजन नंबर लिहा, तोच नंबर ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्येही टाका.

शेवटचा मुद्दा सॉफ्टवेअरचा नाही, सवयीचा आहे. प्रिंट काढण्याआधी किंवा पीडीएफ पाठवण्याआधी फाइल एकदा बंद करा, फोल्डरातून पुन्हा उघडा आणि शेवटचा बदल त्यात आहे का ते डोळ्यांनी बघा. याला अर्धं मिनिट लागतं. कापलेली प्लेट किंवा ओतलेलं काँक्रीट मात्र ‘अनडू’ करता येत नाही.